हिवाळी पायपीट आणि तळ्याकडून आलेली हाक

वडिलांना घराबाहेर काढायचं, या एकाच हट्टापायी मी त्या पायपिटीत आमची नावं दिली. निसर्गाची ओढ वगैरे काही नव्हती. रविवारी भल्या सकाळी उठायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं, खोटं कशाला सांगू. पण बंगळुरातल्या बागांबद्दल, तिथल्या थंडीतल्या सकाळींबद्दल तुम्ही लोक सारखं विचारता, म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटाला केलेली ती भटकंती एकदाची लिहून काढते. वाचून जायचं ठरवलंत तर जरूर जा. शेवटच्या टप्प्याचं मात्र तुमचं तुम्ही ठरवा.

तेव्हा आम्ही के. आर. पुरमला भाड्याने राहायचो. शिरीषची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी व्हाइटफील्डच्या बाजूला नव्याने उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत होती. पावसाळा संपता संपता कराडला माझी आई गेली आणि मी बाबांना इकडे घेऊन आले. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता आणि त्यात तिची वाचा गेली होती. पुढचे काही महिने ती नुसती बघायची, ओठ हलवायची, शब्द फुटायचा नाही. बाबा रात्रंदिवस तिच्या उशाशी कान देऊन बसलेले असायचे. जन्मभर त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडले होते. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायचे. आणि आता घरातल्याच माणसाला काय हवंय ते त्यांना कळेना.

आई गेली, पण बाबांचं कान देणं काही थांबलं नाही. आमच्या घरात ते स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. रेडिओ लावला की बंद करायचे. कुकरची शिट्टी झाली की कपाळाला आठी. मध्येच कुणी न बोलावता "आलो" म्हणायचे आणि उठून उभे राहायचे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी एकटीच घरात होते, माझी तर पाचावर धारण बसली. जेवण चार घासांवर आलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की यांना चालतं करा, नाहीतर हा हिवाळा काही खरा नाही. मी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

आमचे घरमालक गोविंदण्णा हे इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण निम्मे शब्द कानडी. आम्ही पुण्या-मुंबईकडून आलेली मंडळी तोंड उघडलं की इंग्रजी झाडायचो, त्यांना आमची मराठी कळायची नाही आणि आम्हाला त्यांची. तरी मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना सगळे एकत्र. थंडी पडली की मंडळाची 'हिवाळी पायपीट' निघायची. संक्रांतीपर्यंत दर रविवारी एक बाग नाहीतर बन, पूर्ण फेरी मारायची. प्रत्येक फेरीला एक रंगीत फीत मिळायची, ती आपापल्या काठीला बांधायची. एकही फेरी न चुकवणाऱ्याला संक्रांतीला सगळ्यांदेखत तिळगुळाचा डबा. डब्यात काय ते मूठभर तिळगूळ, पण त्यासाठी साहेबलोक तापातसुद्धा चालायला यायचे. गोविंदण्णांनी बाबांच्या हातात काठी ठेवली आणि म्हणाले, सरी, म्हणजे ठरलं, रविवारी निघायचं. बाबा नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.

पहिला टप्पा कब्बन पार्क. आम्ही पुरमहून सिटी बसने बंगळुरातलं शिवाजीनगर गाठलं आणि तिथून चालत गेलो. तुम्ही जाणार असाल तर ऊन वर यायच्या आत पोचा, नंतर नुसती जत्रा असते. आम्ही शिरलो तेव्हा धुकं इतकं होतं, की झाडांचे फक्त बुंधे दिसत होते, वरचं सगळं पुसलेलं. तिथे बांबूची जुनी बेटं आहेत. वारा अजिबात नव्हता आणि तरी ती करकरत होती, आत कुणीतरी खाटेवर कूस बदलतंय असं वाटावं. पुढे चालणारी मंडळी गप्पा मारत होती, पण बेटापाशी आली की प्रत्येकाचा आवाज आपोआप खाली यायचा. मी शिरीषचा हात धरला, तर तो मला हसला. मग थोड्या वेळाने त्यानेच माझा धरला.

त्या बेटापाशी गोविंदण्णांनी आम्हा नव्या लोकांना थांबवून एक गोष्ट सांगितली. त्यांच्या घराण्यात पोरांना चालायला शिकवतात तेव्हाच ही शिकवतात म्हणे. बनात, तळ्याकाठी, धुक्यात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली की मग बोला. जितं माणूस असलं तर ते गरजेपोटी तीनदा हाक मारतंच, आणि जे माणूस नाही ते एकदाच मारतं. पुण्याकडच्या एका काकूंनी फसकन हसून विचारलं, की अण्णा, एवढ्यात तो माणूस खड्ड्यात नाही का पडायचा? गोविंदण्णा हसले नाहीत. "पडला तर काढता येतो, मा," एवढंच म्हणाले.

बाबा हे सगळं मान खाली घालून ऐकत होते. फेरी त्यांनी पूर्ण केली. बाहेर येऊन आम्ही उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात इडली-वडा घेतला, वर कॉफी. पन्नासच्या नोटेत चौघांचं पोटभर झालं. बाबांनी दोन्ही इडल्या संपवल्या आणि वाटीतली चटणीसुद्धा पुसून खाल्ली. मला इतका आनंद झाला की मी काउंटरवरच्या माणसाला मराठीतच 'छान झालीय हो' म्हणाले, त्यानेही काही न कळता मान डोलावली.

पुढच्या रविवारी लालबाग. मार्केटपर्यंत बस, पुढे रिक्षा. रिक्षावाल्याने मीटर टाकला याचं शिरीषला इतकं कौतुक वाटलं की तो वाटभर तेच बोलत होता. लालबागेत सगळे काचघर बघायला धावतात, तुम्ही आधी खडकावर चढा. तो खडक कोट्यवधी वर्षं जुना आहे म्हणे. वर छोटा बुरूज आहे. आम्ही चढलो तेव्हा खाली शहर नव्हतंच. सगळीकडे पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून कुठूनतरी देवळाची घंटा आणि बसचा हॉर्न. आपण सोडून सगळे गेले की काय, असं क्षणभर वाटलं.

तिथे एक गंमत झाली. धुक्यातून कुठल्याशा बाईंनी हाक मारली, "अहो!" आणि वरचे सगळे नवरे एकदम वळले. आपल्या बायकांची ही खोडच ना, नवऱ्याचं नाव म्हणून घ्यायचं नाही. एवढ्या मराठी जोडप्यांत नुसत्या 'अहो'ने कोण कुणाला बोलवतंय हे कळणार कसं? हशा पिकला. मीही हसत होते, आणि मग बघितलं तर बाबा बुरुजापाशी ताठ उभे होते, चेहरा आवाजाच्या दिशेला. बाकीचे नुसते वळले होते. बाबांनी "आलो" म्हटलं होतं. माझं हसू जागच्या जागी विरलं. त्या बाई वर आल्या, आपल्या यजमानांना थर्मास देऊन गेल्या, आणि बाबा काठीवर हात ठेवून खडकाकडे बघत राहिले. मी त्यांना शेंगदाणे दिले. त्यांनी खाल्ले.

तरी सुधारणा होती, नाही कशी म्हणू? आठवड्यातून एकदा ते घराबाहेर पडत होते. काठीला फिती वाढत होत्या. जेवणात अर्धी पोळी वाढली. खुर्ची मात्र स्वयंपाकघराच्या दारातच होती.

संक्रांत दोन रविवारांवर आली आणि तळ्याचा टप्पा आला. त्या तळ्याचं नाव मी लिहीत नाहीये. पुरमहून महादेवपुऱ्यावरून व्हाइटफील्डकडे जाणारी बस पकडायची, वस्ती संपली की उतरायचं, आणि द्राक्षांच्या मळ्यांमधून मातीच्या वाटेने चालायचं. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. खायला काही मिळत नाही, बरोबर डबा आणि पाणी ठेवा. मागे क्रेनच्या उंच माना धुक्यातून डोकावत होत्या, समोर नीलगिरीचं बन. सालं निघालेले पांढरे बुंधे, एकसारख्या अंतरावर, एकसारख्या जाडीचे. जरा वेळ चाललं की आपण त्याच झाडापाशी परत आलोय असं वाटायचं. पक्षी नाही, किडा नाही. पायाखाली वाळक्या पानांचा आवाज तेवढा.

फेरी अशी होती, की बनातून जायचं, तळ्याला उजवीकडे ठेवायचं आणि पलीकडच्या बांधावर सगळ्यांनी जमायचं. मी शिरीषबरोबर पुढे गेले. बाबा आणि गोविंदण्णा सावकाश मागून येत होते. बांधावर बायकांनी चहा काढला होता. मी कप हातात घेतला, तेवढ्यात धुक्यातून गोविंदण्णा एकटेच आले. मेंढरं घेऊन चाललेल्या एका माणसाशी ते स्वल्प बोलायला थांबले, मागे वळून बघतात तर बाबा नाहीत. त्यांना वाटलं पुढे निघून गेले.

मी कप खाली ठेवला आणि बनात परत धावले. शिरीष दुसऱ्या बाजूने गेला, गोविंदण्णा माझ्यामागे. धावता धावता किती झाडं मागे पडली काय माहीत. श्वास घ्यायला थांबले आणि तेव्हा मी ती ऐकली.

"अहो..."

डावीकडून. पाण्याच्या बाजूने. एकदाच, आणि शेवटचा 'हो' जरासा वर नेलेला. पान वाढलं की आई अशीच हाक मारायची. जोरात नाही, घाई नाही, येणारच आहात हे माहीत असल्यासारखी. मागून गोविंदण्णांनी माझं मनगट पकडलं. त्यांनी काही ऐकलं का, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. पण त्यांची पकड इतकी घट्ट होती, की वळ संध्याकाळपर्यंत राहिला.

मी "बाबा" अशी हाक मारली. उत्तर नाही. गोविंदण्णा कानाशी म्हणाले, की परत मारा, तीनदा मारा, थांबू नका. मग मी मारल्या. तिसऱ्या हाकेला आवाज फाटला माझा.

"इथे आहे गं," बाबा म्हणाले. अगदी जवळून. पंधरा-वीस पावलांवरून.

झाडी संपली तिथे त्यांचे कॅनव्हासचे बूट जोडीने काढून ठेवलेले होते, मोजे आत खोचलेले, शेजारी काठी. आपण कुणाच्या घरी जाताना दाराशी काढतो तसे. पुढे लव्हाळा होता आणि लव्हाळ्यात बाबा गुडघाभर पाण्यात उभे, आमच्याकडे पाठ करून. धुकं पाण्यालगत इतकं दाट होतं, की पुढचं पाणी दिसतच नव्हतं. मी चपला-बिपला न काढता तशीच आत शिरले आणि त्यांचा दंड धरला. थंडगार पडला होता. मी ओरडले त्यांच्यावर. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, भीतीने माणूस वाट्टेल ते बोलतो.

गोविंदण्णा काठावरूनच कळवळून म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, तीनदा मारल्याशिवाय जायचं नाही म्हणून?"

"सांगितलं होतंत, गोविंदराव," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "पण ती जन्मात कधी दुसऱ्यांदा हाक मारायची नाही. तशी वेळच येऊ दिली नाही मी तिच्यावर."

गोविंदण्णांच्या घराण्याने इतकी वर्षं जपलेल्या त्या नियमात आमची आई बसत नव्हती. मी बाबांना विचारलं, मग पुढे का नाही गेलात? ते म्हणाले, जाणारच होतो, पण तू मागे लागलीस. मग त्यांनी माझ्या ओल्या पंजाबी ड्रेसकडे बघितलं, सर्दी होईल म्हणाले, आणि स्वतःहून वळले. काठावर बसून त्यांनी पाय पुसले, मोजे घातले. त्यांच्या बुटाची नाडी बांधायला मी वाकले, पण तीही त्यांनीच बांधली.

बांधावर परत आलो तेव्हा मी वेड्यासारखी एकेका बाईला विचारत सुटले, की मघाशी तुम्ही यजमानांना हाक मारली का? सगळ्याजणी तिथेच होत्या, चहाभोवती. मी धावत गेले तेव्हापासून कुणी जागची हलली नव्हती, आणि त्यांचे नवरेही समोरच बसलेले होते. त्या काकू, त्या दिवशी फसकन हसलेल्या, त्यांनी मला शाल दिली आणि पाठीवरून हात फिरवला. फितींचं वाटप झालं. बाबांनी आपली घेतली आणि काठीला बांधली.

आता तुमच्या उपयोगाचं तेवढं सांगून टाकते. कब्बन पार्क आणि लालबाग आजही तशाच आहेत, डिसेंबर-जानेवारीत जा, स्वेटर न्या, कॅमेरा न्या. पुरमहून आता मेट्रो आहे, आमच्यासारखे बसचे धक्के खायला नकोत. नीलगिरीचं बन गेलं, तिथे बहुमजली इमारती झाल्या. तळं कुंपण घालून अर्धं उरलंय, भोवती फरशी, बाकडी, व्यायामाची यंत्रं. संध्याकाळी लोक कुत्री फिरवतात. मी एकदाच गेले होते. सकाळी गेले नाही, उन्हात गेले, आणि पाण्याकडे पाठ करून बसले. गोविंदण्णांचा नियम मी पाळते का? पाळते. भुताखेतांवर विश्वास आहे का म्हणून विचारू नका, मला माहीत नाही. बाबांनी पायपीट पुरी केली, संक्रांतीला डबा घेतला आणि माघ लागताच कराडला गेले. त्यानंतर बरीच वर्षं जगले, रोज कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचे.

पण हे सगळं शक्य झालं ते त्या दिवशी घरी परतल्यावर जे बोलणं झालं त्यामुळे, म्हणून ते शेवटी लिहितेय.

दुपार झाली होती. मी वरण-भात लावला. बाबा जेवायला बसले, पण भात कालवून नुसता समोर ठेवला. शिरीष त्यांना समजावत होता, की एवढ्या बायका बरोबर असताना कुणीतरी 'अहो' म्हणणारच, लालबागेत नव्हतं का झालं, धुक्यात आवाज कुठून येतोय ते कळत नाही. चांगल्या मनाने बोलत होता बिचारा. बाबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले.

"नंदा, तुला ऐकू आली?"

शिरीषने मला डोळ्यांनी खुणावलं. नाही म्हण, असं. मलाही ते समजत होतं. हो म्हटलं तर उद्या हे एकटे उठतील, बस पकडतील, परत त्या पाण्यापाशी जातील, आणि तेव्हा मागे हाका मारायला कुणी नसेल. नाही म्हटलं तर सगळं मिटलं. पण बाबांसमोर मला खोटं बोलता आलं नाही. शिवाय त्यांना ते कळलंच असतं, आवाजावरूनच.

"आली," मी म्हणाले.

शिरीषने कपाळाला हात लावला. बाबांच्या चेहऱ्यावर भीती होती. सकाळी पाण्यात उभे होते तेव्हा नव्हती, ती आत्ता होती.

"अडखळत होता का गं आवाज? मला तेवढ्यात नीट कळलं नाही."

सगळे महिने हे दारात खुर्ची टाकून का बसत होते, ते मला तेव्हा कुठे कळलं. ती अजून तशीच असेल, ओठ हलवत असेल, तिला हाक मारता येत नसेल आणि आपल्याला काही कळायचं नाही, हे त्यांच्या मनात होतं.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "अगदी मोकळा होता. पूर्वी होता तसा."

बाबा रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा, आमच्या दोघांच्या समोर, उष्ट्या हाताने. आम्ही रडू दिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले आणि ताट पुढे ओढलं.

"मग काळजी नाही," ते म्हणाले. "तिला बोलता येतंय आता. काम असलं की मारेल हाक."

आणि त्यांनी आणखी थोडं वरण मागितलं.